शेवग्याच्या पाटीवरचा लॅमार्क

दहावीत आपण ज्याला जिराफाच्या मानेपुरतं लक्षात ठेवलं, त्याच माणसानं अनोळखी झाड ओळखायची किल्ली आपल्या हातात दिली.

पावसाळी ट्रेक चालू आहे. पायवाटेच्या कडेला एक मोठं झाड दिसतं. त्याला ना फूल, ना फळ. ग्रुपमधला एक जण फोन काढून फोटो मारतो. नेटवर्कची एकच काडी आहे. अॅप बराच वेळ गोल गोल फिरतं आणि मग तीन नावं पुढे टाकतं, तिन्ही वेगळी. थोडा वाद होतो आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होतं, की हे कुठलं तरी जंगली झाड आहे. विषय संपतो.

आता समजा, ग्रुपमध्ये बॉटनीची एखादी मुलगी आहे. ती फोन काढत नाही. ती एक फांदी हळूच खाली ओढते आणि स्वतःलाच प्रश्न विचारायला लागते. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? पान साधं आहे की संयुक्त? तोडल्यावर चीक येतो की नाही? प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरं. त्यातलं एक पकडलं, की दुसऱ्या बाजूची सगळी झाडं बाद. पाच-सहा प्रश्नांत ती नावापाशी पोचते.

दोन पर्यायांतून एक निवडत पुढे जायच्या या पद्धतीला डायकॉटॉमस की म्हणतात. अशा तक्त्यांचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. पण ही पद्धत एका अख्ख्या देशाच्या वनस्पतींना लावून, सामान्य माणसाला वापरता येईल अशी पुस्तकात बसवली ती ज्याँ-बाप्टिस्ट लॅमार्कनं.

हो, तोच लॅमार्क. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला. जिराफानं मान ताणली, मान लांब झाली, मग पिल्लांचीही मान लांब झाली. हे चूक होतं, नंतर डार्विन आला, असं आपण उत्तरपत्रिकेत लिहून मोकळे झालो. ८५ वर्षांच्या आयुष्याचा आपण एवढाच हिशेब ठेवला. म्हणून आज त्याची उरलेली गोष्ट.

घोडा घेतला आणि निघाला

लॅमार्कचा जन्म १ ऑगस्ट १७४४ चा. उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डी भागातलं बाझांतँ हे त्याचं गाव. घराणं खानदानी, पण खिसा रिकामा. तो अकरावं अपत्य. मोठे भाऊ सैन्यात. एवढी तोंडं असलेल्या घरात धाकट्या मुलासाठी स्वस्त आणि प्रतिष्ठेचं करिअर एकच होतं, धर्मगुरू होणं. त्याला आमियाँ इथल्या जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत टाकलं. त्याला काय व्हायचं आहे, हे कुणी विचारलं नसावं. ही गोष्ट तुमच्यापैकी काहींना ओळखीची वाटेल.

वडील गेले आणि त्यानं शाळा सोडली. एक घोडा विकत घेतला आणि जर्मनीत लढत असलेल्या फ्रेंच सैन्याच्या दिशेनं निघाला. सप्तवार्षिक युद्ध चालू होतं. जुलै १७६१ मध्ये विलिंगहाउझेनच्या लढाईत त्याच्या तुकडीवर तोफांचा मारा झाला. अधिकारी मारले गेले आणि तुकडीत १४ माणसं उरली. बाकीचं सैन्य मागे सरकलं होतं, पण यांना माघारीचा हुकूम पोचलाच नव्हता. हुकूम आल्याशिवाय जागा सोडायची नाही, यावर लॅमार्क अडून बसला. त्याला तेव्हा सतरावं वर्ष चालू होतं. या हट्टापायी तो तिथेच अधिकारी झाला. हा हट्ट पुढे त्याच्या फार कामी आला आणि कधी कधी फार नडलाही.

युद्ध संपल्यावर दक्षिणेत, मोनॅकोच्या बाजूला त्याची नेमणूक झाली. छावणीत करायला फारसं काही नव्हतं. तिथे त्याच्या हाती औषधी वनस्पतींवरचं एक पुस्तक लागलं आणि आजूबाजूच्या टेकड्यांवरची झाडं त्याच्या डोळ्यांत भरू लागली. मग एक विचित्र अपघात झाला. थट्टामस्करीत एका सोबत्यानं त्याला डोक्याला धरून उचललं. मानेच्या गाठींना इजा झाली, उपचारांसाठी पॅरिस गाठावं लागलं आणि १७६८ मध्ये सैन्याची नोकरी सुटली. जिराफाच्या मानेवरून ओळखल्या जाणाऱ्या माणसाचं करिअर स्वतःच्या मानेवरून बदललं, हा योगायोगच.

आता पॅरिस. पेन्शन तुटपुंजं. तो बँकेत कारकुनी करू लागला आणि सोबत वैद्यकीचा अभ्यास. चार वर्षं शिकून तेही सोडलं. बघा, पंचविशी-तिशीपर्यंतचा हा बायोडेटा: धर्मगुरूचं शिक्षण अर्धवट, सैन्याची नोकरी गेलेली, बँकेत तात्पुरतं काम, मेडिकल अर्धवट. आजच्या एखाद्या इंटरव्ह्यूला हा माणूस पहिल्या राउंडलाच बाद झाला असता.

एक गोष्ट मात्र सुटत नव्हती. राजाच्या बागेत, म्हणजे पॅरिसच्या रॉयल गार्डनमध्ये, बेर्नार द ज्यूस्यू या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे तो शिकत होता आणि फ्रान्सभरच्या वनस्पती गोळा करत होता. हे काम जवळजवळ दहा वर्षं चाललं.

एका वेळी दोनच वाटा

तेव्हाचा वनस्पतिशास्त्राचा हिरो होता स्वीडनचा लिनियस. त्याची पद्धत फुलातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून वनस्पतींचे गट पाडायची. पद्धत सुटसुटीत होती, पण पुस्तकं लॅटिनमध्ये. त्यातून समोरच्या रोपाचं नाव शोधायचं, तर आधी निम्मं शास्त्र पाठ असायला हवं. म्हणजे ज्याला माहीत आहे त्यालाच सापडणार. ज्याला माहीत नाही त्यानं काय करायचं?

लॅमार्कनं इथे एक साधी गोष्ट ओळखली. वनस्पतींचं नातं लावणं हे एक काम आहे आणि समोरच्या वनस्पतीचं नाव शोधणं हे वेगळं काम. दुसऱ्या कामासाठी नात्यागोत्याची गरज नाही. तिथे फक्त असे प्रश्न हवेत, ज्यांची उत्तरं डोळ्यांनी बघून देता येतील. एका वेळी दोनच पर्याय ठेवायचे, एकमेकांच्या अगदी विरुद्ध. हे आहे की ते, एवढंच ठरवायचं आणि सांगितलेल्या पुढच्या क्रमांकावर जायचं. फाट्यामागून फाटा घेत शेवटी एकच नाव उरतं.

या पद्धतीनं लिहिलेलं त्याचं फ्लोर फ्राँस्वाज, म्हणजे फ्रान्सच्या वनस्पतींचं पुस्तक, तीन खंडांत आलं. त्यावर साल आहे १७७८. मजकूर फ्रेंचमध्ये होता, त्यामुळे लॅटिन न येणाऱ्यांनाही ते उघडता आलं. रॉयल गार्डनचा प्रमुख ब्यूफाँ याला लिनियसची पद्धत मुळातच पटत नसे. त्यानं हे पुस्तक सरकारी खर्चानं राजाच्या छापखान्यात छापून घेतलं आणि पुढच्याच वर्षी लॅमार्क अकादमी ऑफ सायन्सेसमध्ये निवडून आला. एका पुस्तकानं त्याचा बायोडेटा बदलला.

लॅमार्कच्या पुस्तकातल्या किल्लीत फुलांना मोठं स्थान होतं, हे इथे सांगायला हवं. पण झाडांची फुलं वर्षात काही दिवसच दिसतात आणि बहुतेकदा उंचावर असतात. पानं आणि झाडाचा बांधा त्यापेक्षा कितीतरी जास्त काळ समोर असतो. म्हणून आज जंगलात फिरणारे लोक पानांच्या किल्ल्या वापरतात. प्रश्न बदलले, पण रीत तीच राहिली.

या रीतीत एक मेख आहे. एका फाट्यावर चुकलात, तर पुढचे सगळे प्रश्न बरोबर सोडवूनही नाव चुकीचंच येतं. सातवीण घ्या. फांदीच्या टोकाला पाच-सात पानं पंजासारखी गोल बसलेली असतात. बघणारा बिनधास्त म्हणतो, संयुक्त पान. मग तो सावरीच्या वाटेला लागतो. प्रत्यक्षात सातविणीचं प्रत्येक पान सुटं आणि साधं असतं, फक्त ती सगळी एकाच पेरातून गोलाकार निघतात. अशा वेळी पुढची उत्तरं ओढूनताणून जुळवत बसायचं नसतं. जिथे शंका आली त्या फाट्यापर्यंत मागे यायचं आणि दुसरी वाट घेऊन बघायचं. ज्यांनी की वापरून खरंच झाडं ओळखली आहेत, त्यांना हे मागे येणं रोजचं असतं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

हा मुद्दा लक्षात ठेवा. लॅमार्कच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

न पाहिलेल्या देशाची झाडं

लॅमार्क भारतात कधीच आला नाही. पण आपल्या अंगणातली काही झाडं आज त्यानं दिलेल्या नावानं जगभर ओळखली जातात.

झालं असं, की १७८० च्या दशकात त्याच्याकडे एका मोठ्या फ्रेंच विश्वकोशाच्या वनस्पतिशास्त्राच्या खंडांचं काम आलं. पिएर सोनेरा नावाच्या फ्रेंच प्रवाशानं भारत आणि आग्नेय आशियातून आणलेल्या वनस्पतींचे वाळवलेले नमुने त्याच्या हाती होते. कागदावर चिकटवलेली पानं, दाबून सपाट केलेली फुलं आणि आधीच्या पुस्तकांतली चित्रं यांच्या आधारे पॅरिसमध्ये बसून तो आपली झाडं ओळखत होता.

तुमच्या कॅम्पसवर झाडांना पाट्या लावल्या असतील आणि त्या नीट लिहिलेल्या असतील, तर शेवग्याच्या पाटीवर मोरिंगा ओलिफेरा या नावापुढे तीन अक्षरं दिसतील: एल, ए, एम. हे लॅमार्कचं अधिकृत संक्षिप्त रूप. ज्यानं नाव दिलं त्याची सही नावापुढे ठेवायची, अशी वनस्पतिशास्त्राची पद्धत आहे. हे नाव त्यानं १७८५ मध्ये दिलं. ज्या शेंगा आपण आमटीत चोखतो, त्या झाडाच्या नावामागे जिराफवाला लॅमार्क आहे.

फणसाच्या पाटीवरही तोच. आर्टोकार्पस हेटरोफिलस, साल १७८९. हेटरोफिलस म्हणजे वेगवेगळ्या पानांचा. मोठ्या फणसाचं पान अखंड, गडद, चकचकीत असतं. पण फणसाच्या रोपाची पानं बऱ्याचदा कातरलेली, दोन-तीन खंडांची असतात. कोकणात ज्यांच्या परसात फणसाची रोपं उगवतात, त्यांनी हे पाहिलं असेल. अनोळखी झाड ओळखताना एका पानावरून निकाल लावू नका, लहान रोपाचं पान आणि मोठ्या झाडाचं पान दोन्ही बघा, हा धडा फणसाच्या नावातच लिहिलेला आहे.

सगळ्यात मजेशीर पाटी मात्र पळसाची. पळसाला पाने तीनच, ही आपली म्हण. विचार केलात तर ती झाड ओळखायची किल्लीच आहे. फक्त बॉटनीच्या सरांसमोर म्हणताना जपून, कारण शास्त्राच्या हिशेबानं ती तीन पानं नव्हेत. ते एकच संयुक्त पान आहे आणि त्याला पर्णिका तीन आहेत. पांगाऱ्यालाही अशाच तीन पर्णिका असतात आणि फुलंही लाल, चोचीसारखी. लॅमार्कनं पळसाला पांगाऱ्याच्याच प्रजातीत, म्हणजे एरिथ्रिनात टाकलं आणि नाव दिलं मोनोस्पर्मा, म्हणजे एका बीचा. हे निरीक्षण पक्कं आहे. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असते, तर पांगाऱ्याच्या शेंगेत अनेक.

पुढे शास्त्रज्ञांनी ठरवलं, की पळस पांगाऱ्याच्या घरातला नाही. टाउबर्ट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला ब्युटिया या प्रजातीत हलवलं. आज पळसाचं नाव आहे ब्युटिया मोनोस्पर्मा. त्यापुढे कंसात लॅमार्कची सही आहे आणि कंसाबाहेर टाउबर्टची. तो कंस काय सांगतो? की पहिलं नाव या माणसानं दिलं होतं, प्रजात नंतर बदलली, पण त्यानं ठेवलेला एका बीचा हा शब्द अजून चालू आहे. त्याची दुरुस्ती झाली आणि श्रेयही राहिलं.

पन्नाशीला आलेला नवा विषय

१७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. लॅमार्क तोवर राजाच्या बागेच्या वनस्पतिसंग्रहाचं काम बघत होता. राजाची बाग हे नावच आता अडचणीचं झालं होतं. पॅरिसमधली ती बाग आज जार्दँ दे प्लांत, म्हणजे वनस्पतींची बाग या नावानं ओळखली जाते. १७९३ मध्ये तिथे राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय उभं राहिलं आणि १२ प्राध्यापकांच्या जागा ठरल्या. वनस्पतिशास्त्राच्या जागा दुसऱ्यांना गेल्या. लॅमार्कच्या वाट्याला आला तो विषय कुणालाच नको होता: कीटक, कृमी आणि सूक्ष्म जीव. वय ४९, आणि ज्या विषयात नाव कमावलं तो हातातून गेलेला.

आपल्याला नको ते इलेक्टिव्ह मिळालं की आपण सेमिस्टरभर कुरकुरतो. यानं त्या अडगळीतून एक अख्खी शाखा उभी केली. कणा नसलेल्या प्राण्यांना एक मोठा गट म्हणून त्यानं बघितलं. अपृष्ठवंशीय हा शब्द आपण सहज वापरतो, त्यामागची कल्पना त्याची. कोळी हा कीटक नाही, हे आज शाळेतली पोरंही सांगतात. कोळी आणि खेकडे यांच्या वर्गांना कीटकांपासून वेगळं काढण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आणि १८०२ मध्ये त्यानं बायोलॉजी हा शब्द वापरला. त्याच वर्षी जर्मनीत ट्रेविरानुसनंही तो स्वतंत्रपणे वापरला. तुमच्या बारावीच्या मार्कशीटवर तो विषय असेल, तर तिथेही हा माणूस आहे.

याच काळात पॅरिसच्या आसपास सापडणारे शिंपल्यांचे जीवाश्म तो आजच्या शिंपल्यांशी ताडून बघत होता. तोवर इतरांसारखंच त्याचंही मत होतं, की प्रत्येक जीवजात जशी निर्माण झाली तशीच राहते. समोरचे शिंपले मात्र वेगळं सांगत होते. १८०० मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, विद्यार्थ्यांसमोरच्या व्याख्यानात त्यानं जाहीरपणे आपली बाजू बदलली. जीवजाती बदलतात, हळूहळू, फार मोठ्या काळात. किल्ली बनवणाऱ्यानं स्वतःच्या डोक्यातल्या फाट्यावर मागे येऊन दुसरी वाट घेतली. ही कल्पना त्यानं १८०९ च्या फिलॉसॉफी झूऑलॉजिक या ग्रंथात सविस्तर मांडली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विनचा जन्म झाला.

मग चुकलं कुठे? बदल होतो, हे बरोबर होतं. तो कसा होतो, इथे गडबड झाली. आयुष्यात वापरानं किंवा न वापरल्यानं शरीरात होणारे बदल पिल्लांत उतरतात, असं त्यानं धरलं. गंमत म्हणजे, ही समजूत त्याची एकट्याची नव्हतीच. त्या काळात बहुतेक लोक तसंच मानत. आणि ज्या जिराफानं त्याला दोनशे वर्षं छळलं, तो त्या जाडजूड ग्रंथातल्या अनेक उदाहरणांपैकी एक, अगदी थोडक्यात आलेला.

पण म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. तो हट्टी होता. लाव्हाझिएचं नवं रसायनशास्त्र त्यानं अखेरपर्यंत मानलं नाही आणि जुन्या तत्त्वांना धरून राहिला. दरवर्षी हवामानाच्या अंदाजांचं पंचांग काढायचा, ते अंदाज चुकायचे आणि लोक हसायचे. ढगांना त्यानं नावं दिली, तीही चालली नाहीत, कारण इंग्लंडच्या ल्यूक हॉवर्डची लॅटिन नावं सगळीकडे रूढ झाली. असं सांगतात, की तो नेपोलियनला आपलं पुस्तक भेट द्यायला गेला, तेव्हा हे आणखी एक हवामानाचं बाड आहे असं समजून सम्राटानं त्याला सगळ्यांसमोर फटकारलं आणि पासष्टीला आलेला हा माणूस तिथेच रडला.

भाड्याची कबर

जन्मभर बारीक बघण्याचं काम करणाऱ्या लॅमार्कचे डोळे म्हातारपणी गेले. आयुष्याची शेवटची सुमारे दहा वर्षं अंधारात गेली. अपृष्ठवंशीय प्राण्यांवरचा त्याचा सात खंडांचा ग्रंथ १८१५ ते १८२२ या काळात निघाला. त्याचा शेवटचा भाग त्यानं तोंडी सांगितला आणि मुलीनं लिहून घेतला. पैशाची तंगी कायमची. ज्या वाळवलेल्या पानांवरून त्यानं जगभरची झाडं ओळखली, तो संग्रहही विकला गेला, जर्मनीत पोचला आणि कित्येक दशकांनी पॅरिसला परत आला.

१८ डिसेंबर १८२९ रोजी तो गेला. माँपार्नासच्या दफनभूमीत त्याला पाच वर्षांच्या भाड्याची जागा मिळाली. मुदत संपल्यावर अस्थी हलवल्या गेल्या. आज त्याची कबर दाखवता येत नाही.

अकादमीत सहकाऱ्यावर श्रद्धांजलीपर लेख वाचायची प्रथा होती. लॅमार्कवरचा लेख लिहिला क्युव्हिएनं. तो त्याचा सहकारी आणि उत्क्रांतीचा कडवा विरोधक. त्या लेखात कौतुक होतं, पण त्याचे सिद्धांत म्हणजे कल्पनेचे मनोरे, असाच एकूण सूर. लोकांच्या मनात तेच राहिलं. नंतर शतकभरानं पाठ्यपुस्तकांना डार्विन समजावायला एक चुकलेला माणूस हवा होता, तो आयता सापडला. १९०९ मध्ये, त्या ग्रंथाला शंभर वर्षं झाल्यावर, जार्दँ दे प्लांतच्या दारात लॅमार्कचा पुतळा उभारला गेला. पुतळ्याच्या मागच्या बाजूला एक शिल्प कोरलंय: आंधळा म्हातारा लॅमार्क आणि शेजारी उभी त्याची मुलगी.

पळसाच्या पाटीवरचा कंस इथे आठवतो. वनस्पतिशास्त्रानं त्याची दुरुस्ती केली, पण नाव पुसलं नाही. आपण मात्र एका फाट्यावरच्या चुकीसाठी त्याचं अख्खं आयुष्य त्याच फाट्याच्या नावानं लावून टाकलं. हेच आपण एकमेकांचंही करतो. एक केटी, एक सोडलेला कोर्स, एक फसलेला निर्णय, आणि त्या माणसाची ओळख पक्की.

आता झाडाखाली चला

खाली १३ नेहमीच्या झाडांची छोटी किल्ली दिली आहे. त्याआधी एकच युक्ती. पान साधं की संयुक्त, हे कसं ठरवायचं? देठ जिथे फांदीला चिकटतो, तिथे बगलेत बारीक कळीसारखा डोळा शोधा. जिथे डोळा आहे, तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. पर्णिकेच्या बुडाशी डोळा नसतो.

१. पान साधं: २ कडे जा. पान संयुक्त, अनेक पर्णिकांचं: ६ कडे जा.

२. एका पेरातून दोन किंवा जास्त पानं: ३ कडे जा. एका पेरातून एकच पान: ४ कडे जा.

३. दोन पानं समोरासमोर, खरखरीत, ताटाएवढी: साग. चार ते सात पानं गोलाकार, तोडल्यावर पांढरा चीक: सातवीण.

४. पांढरा चीक नाही, चुरगाळल्यावर कैरीचा वास: आंबा. पांढरा चीक येतो: ५ कडे जा.

५. पानाला लांब शेपटी: पिंपळ. शेपटी नाही: फांद्यांवरून पारंब्या असतील तर वड, नसतील आणि पान गडद चकचकीत असेल तर फणस.

६. पर्णिका तीन ते सात: ७ कडे जा. पर्णिका पुष्कळ, पिसासारख्या: ८ कडे जा.

७. पर्णिका तीन: फांद्यांवर काटे असतील तर पांगारा, नसतील तर पळस. पर्णिका पाच ते सात, पंजासारख्या: सावर.

८. पिसारा एकदाच विभागलेला: ९ कडे जा. पिसाऱ्याला पुन्हा पिसारे: १० कडे जा.

९. पर्णिकांची कड करवतीसारखी: कडुनिंब. कड सरळ, पर्णिका बारीक: चिंच.

१०. पिसारा दोनदा विभागलेला, झाडाचा आकार छत्रीसारखा: गुलमोहर. बहुतेक तीनदा विभागलेला, झाड मोकळं, लाकूड ठिसूळ: शेवगा.

किल्ली फक्त या १३ झाडांसाठी आहे. चौदावं झाड आलं, तर ती चुकीचं नाव देईल. म्हणून नाव आल्यावर दोन पावलं मागे या आणि पूर्ण झाड बघा. सावरीच्या फांद्या मजल्यामजल्यांनी आडव्या निघतात, कोवळ्या खोडावर काटे असतात. वडाचा घेर पसरट असतो. नाव आणि बांधा जुळत नसेल, तर कुठल्या तरी फाट्यावर गडबड झालीय. मागे जा, पुन्हा बघा.

उद्या कॉलेजला गेलात, की कँटीनमध्ये शिरण्याआधी एखाद्या झाडाखाली पाच मिनिटं थांबा. पान तोडायची गरज नाही, खाली पडलेली पुष्कळ असतात. आणि झाड शेवगा, फणस किंवा पळस निघालं, तर पाटीवर ती तीन अक्षरं आहेत का, तेवढं बघून या. नसतील, तर बॉटनी डिपार्टमेंटला सांगून लिहून घ्या.